काम देतो म्हणणाऱ्याला महिना विचारा

निवडणूक असो वा नसो, कुणीतरी गावात येऊन सांगतोच, 'रोजगार आणू.' त्याला बसायला द्या, पाणी द्या. मग एकच विचारा: कोणत्या महिन्यात?

आपल्या गोंदियात हाच खरा प्रश्न आहे. पावसाळा लागला की परहे, मग रोवणी. दिवाळीच्या आसपास धानाची कापणी, मग चुरणे. तेव्हा माणूस शोधून सापडत नाही. पुढे मार्च-एप्रिलात मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, तोही थोड्याच दिवसांचा. बाकी दिवस रिकामे. त्याच दिवसांत पोरं नागपूर-हैदराबादची गाडी धरतात.

म्हणून आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा. घरातल्या रिकाम्या महिन्यांवर खुणा करा. बायांना वेगळं विचारा, त्यांचे रिकामे दिवस वेगळे असतात. आता येणारी प्रत्येक योजना त्या खुणांशी लावून बघा.

कारखान्याला नाही म्हणू नका. तिरोड्याचा वीज प्रकल्प 3300 मेगावॅटचा आहे. पण असे प्रकल्प बांधताना हात फार लागतात. सुरू झाले की थोडे लागतात, आणि तेही शिकलेले. तेव्हा जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी विचारा, आमच्या आयटीआयवाल्या पोरांना किती जागा, आणि ते कोणत्या कागदावर लिहिलंय?

धान खरेदीला कुणी रोजगार योजना म्हणत नाही. मी म्हणतो. केंद्रावर धान वेळेत घेतलं आणि भरडाईला गिरणीत गेलं, तर हमाल, गाडीवाला, मिस्त्री, सगळ्यांच्या चुली पेटतात. खरेदी लांबली की तुमचं धान पडेल भावात जातं आणि हमाल बसून राहतो. बोनसची वाट पाहता तशीच केंद्र सुरू होण्याची तारीखही विचारत जा.

माझं मन मात्र तलावाकडे झुकतं. मामा तलाव, बोड्या आपल्याकडे गावोगाव आहेत. उन्हाळ्यात गाळ काढला तर मजुरी मिळते. पाऊस झाला की धानाला पाणी, ढीवर भावांना मासळी. पण तोच गाळ जेसीबीने काढला, तर मजुरी जेसीबीवाल्याची.

काम मजुरांच्या हातांनी व्हावं, त्यासाठी रोजगार हमी आहे. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्राने ती उभी केली, 1977 मध्ये कायदा केला. केंद्राचा कायदा 2006 मध्ये लागू झाला, तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत गोंदियाही होता. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा केला. त्यात हमीच्या कामाचे 100 चे 125 दिवस झाले, पण शेतीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत काम बंद ठेवायची सोयही आली. ते दिवस आपल्या रोवणी-कापणीचेच आहेत ना, हे बघा. दुसऱ्या जिल्ह्याचा हंगाम आपल्यावर आला, तर रिकामा महिना आणखी रिकामा.

काम तोंडी मागू नका. लेखी मागा, तारखेची पोच घ्या. 15 दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता मागता येतो. पण पोच नसेल तर तुम्ही काम मागितलंच नाही, असं धरतात.

ग्रामसभेला कॅलेंडर घेऊन जा. नुसतं 'काम पाहिजे' म्हणू नका. 'फेब्रुवारीत या बोडीचा गाळ, मजुरांच्या हातांनी' असं सांगा. आणि प्रोसिडिंगवर अंगठा किंवा सही करण्याआधी ते वाक्य त्यात लिहिलंय का, ते कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या.