विश्लेषण : सात दिवसांत सात किलो? झटपट डाएटचे गणित कुठे चुकते?

यावल-रावेर पट्ट्यात केळी म्हणजे वर्षाचा हिशेब. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘सात दिवसांच्या डाएट’मध्ये मात्र याच केळीचे नशीब रोज बदलते. पहिल्या दिवशी फळे चालतात, पण केळी वर्ज्य. चौथ्या दिवशी मुख्य आहारच केळी आणि दूध! लग्नसराई जवळ आली की असे तक्ते व्हॉट्सअॅपवर पुन्हा फिरू लागतात. ते कितपत खरे?

हे डाएट आले कुठून?

या तक्त्याला ‘जीएम डाएट’ म्हणतात. जनरल मोटर्स कंपनीने 1985 मध्ये कर्मचाऱ्यांसाठी तो तयार केला, असे सांगितले जाते; पण त्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. अशा लाटा जगभर येतात. जपानमध्ये 2008 साली ‘सकाळी केळी खा, वजन घटवा’ या डाएटची एवढी चलती झाली की दुकानांतली केळी संपू लागली. पुढे तीही लाट ओसरली. दुसरीकडे, कर्बोदके टाळणाऱ्या ‘कीटो’मध्ये केळीला जागाच नाही. फळ तेच, फक्त फॅशन बदलते.

लोकांना भुरळ कशाची पडते?

नियम सोपे असतात, मुदत ठरलेली असते आणि काटा लगेच खाली येतो. रोज थोडे कमी खाण्यापेक्षा ‘फक्त सात दिवस कळ काढा’ हे मनाला पटते. गरजही खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात 24 टक्के महिला आणि सुमारे 23 टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे.

मग काटा खाली येतो, ते खोटे का?

वजन घटते हे खरे, पण त्यात चरबी थोडी असते. यकृत आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा (ग्लायकोजेन) असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे एकदम कमी केले की आधी हा साठा आणि पाणी जाते. एक-दोन किलो इथेच घटतात आणि नेहमीचे जेवण सुरू होताच परत येतात.

आता हिशेब पाहा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. सात दिवसांत पाच किलो चरबी घटवायची तर रोज 5,500 कॅलरींची तूट हवी. शरीराचा रोजचा खर्चच बहुतेकांचा दोन ते अडीच हजार असतो. म्हणजे आठवडाभर काहीच खाल्ले नाही तरी हे शक्य नाही.

तोटे कोणते?

चौथ्या दिवसाची आठ केळी आणि तीन ग्लास दूध यांतून प्रथिने मिळतात जेमतेम 30 ग्रॅम. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे 50 ग्रॅम लागतात. अशी तूट राहिली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन फार वेगाने घटले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

शिवाय शरीर खर्च कमी करते. अमेरिकेतील ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन घटवण्याच्या स्पर्धेतील 14 जणांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सरासरी 58 किलो घटवले होते; सहा वर्षांत त्यातले 41 किलो परत आले. विश्रांतीतला कॅलरींचा खर्च मात्र अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 ने कमीच राहिला.

कोणी अजिबात प्रयोग करू नये?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर अचानक खाली येऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना केळीतले जास्त पोटॅशियम घातक ठरू शकते. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढत्या वयातील मुलांनीही दूर राहावे. देशात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के महिलांना रक्तक्षय आहे. लग्नासाठी बारीक होण्याचा आग्रह धरताना घरच्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

डॉ. दीक्षितांचा ‘दोन वेळा जेवण’ प्रकारही यातलाच का?

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या या पद्धतीवर महाराष्ट्रात बरीच चर्चा झाली. तिच्यावर मतभेद आहेत. पण ती आठवडाभराची नसून दीर्घकाळ पाळायची आहे आणि तिला रोजच्या चालण्याची जोड आहे. त्यामुळे दोन्हींना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. औषधे सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताच बदल नको.

मग करायचे काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मते आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित असते आणि आहार दिवसाला 1,000 कॅलरींच्या खाली जाऊ नये. त्यासाठी परदेशी तक्ता लागत नाही. कळण्याच्या भाकरीत ज्वारी आणि उडीद एकत्र असल्याने प्रथिनांची चांगली जोडी जमते. सोबत वरण, ताक, कोशिंबीर आणि बामणोदच्या वांग्याचे भरीत घ्या. भरताच्या फोडणीत आणि शेवभाजीवर तरंगणारे तेल मात्र कमी करा. जेवणात एक भाकरी कमी, पायी चालणे जास्त.

आणि केळी? मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे 100 कॅलरी असतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल तर रोज एखादे खायला हरकत नाही. कोणताही तक्ता हाती आला तर स्वतःला एकच प्रश्न विचारा : पुढच्या वर्षी याच तारखेला मी असेच खात असेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर घटलेले वजनही तोवर टिकणार नाही.