‘हक्क’ वाचला, ‘सोड’ राहिलं

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बहीण राहते. मूळची रत्नागिरीकडची, घरात कोकणी बोली, शिक्षण उर्दू माध्यमात सातवीपर्यंत. मराठी अक्षरं लावून लावून वाचते, पण वाचते. गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी मगरिबनंतर ती दोन कागद घेऊन आली.

“बाजी, भाईनं पाठवलंय. माझ्या हक्काचा कागद आहे म्हणे. उद्या ऑफिसात जायचंय. सही कुठं करायची तेवढं दाखवा.”

मी कागद उलगडला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : हक्कसोडपत्र.

तिनं पहिला अर्धा शब्द वाचला होता. तो तिच्या ओळखीचा, लहानपणापासूनचा. दुसरा अर्धा शुद्ध मराठी, तोही तिला माहीत होता. पण दोन्ही एकत्र आले की काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये वडिलांच्या पश्चात तिचा जो वाटा येतो, तो भावाच्या नावे कायमचा सोडून देण्याचा तो कागद होता. मोबदला : काही नाही.

दुसरा कागद म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण. सोसायटीची जाहीर नोटीस. अमुक सभासद मयत झाले असून त्यांच्या मुलानं सभासदत्वासाठी अर्ज केला आहे. कोणाचा दावा किंवा हरकत असल्यास 14 दिवसांच्या आत पुराव्यासह कळवावे. दहा दिवस होऊन गेले होते.

“हे बघून तर मी घाबरलेच,” ती म्हणाली. “मी कसली हरकत केलीय, बाजी?”

मी पंचवीसएक वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. तरी हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, आणि रागानं म्हटलं तर आगळीक. मराठी कार्यालयात हरकत म्हणजे आक्षेप. नोटीस तिला विचारत होती, तुला काही म्हणायचं आहे का? तिनं वाचलं, तू काहीतरी गैर केलं आहेस. अशी समजूत झालेली बाई चार दिवसच काय, चार वर्षंही गप्प बसेल.

त्या रात्री मी शाळेची जुनी वही काढली आणि दोन रकाने आखले. डावीकडे कोर्ट-कचेरीचे असे शब्द, जे आपल्या घरात जसेच्या तसे आहेत : वकील, दावा, अर्ज, तारीख, मुदत, हुकूम, गुन्हा, कैद, जप्ती, नक्कल, दाखल, हजर, मंजूर, रद्द, वारस. पोलीस ठाण्यात लिहितात तो ‘प्रथम खबर अहवाल’, त्यातही आपली खबर आहेच. दस्त नोंदवायला जातो ते ‘दुय्यम निबंधक कार्यालय’. अव्वल-दुय्यम आपले, आणि निबंधक ऐकून आमची आठवीची मुलं विचारतात, टीचर, तिथं निबंध लिहून घेतात का?

हे शब्द शेकडो वर्षांच्या राज्यकारभारातून मराठीत मुरलेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, तो अरबी-फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच. त्यातले काही रुळले, पण तलाठ्याच्या आणि वकिलाच्या तोंडचे कित्येक जुने शब्द हलले नाहीत. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा खटला वाचकांना आठवत असेल. मराठीखाली उर्दूत नाव लिहिलं म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयानं ती पाटी कायम ठेवली. त्या निकालातही न्यायालयानं नोंदवलं आहे की अदालत, हलफनामा, पेशी हे शब्द देशभरच्या न्यायालयांत रोजचे आहेत.

तेव्हा आपल्या घरातल्या माणसाला कोर्टाची मराठी परकी वाटायचं कारण नाही. निम्मी आपलीच आहे. पण धोका नेमका तिथंच आहे. अनोळखी शब्द दिसला की माणूस थांबून विचारतो. ओळखीचा दिसला की पुढं जातो.

म्हणून वहीचा उजवा रकाना, नावानं ओळखीचे पण अर्थानं बदललेले.

खुलासा. उर्दूत सारांश. मराठीत स्पष्टीकरण. ‘सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा’ अशी नोटीस आली तर घडलेली हकीकत थोडक्यात लिहून भागत नाही. आपण असं का केलं किंवा केलं नाही, त्याचं उत्तर हवं असतं.

राजीनामा. उर्दूत दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. मराठीत नोकरी सोडल्याचा. जुन्या मुंबई इलाख्यात खातेदार जमीन सोडताना राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत लिहून देई. मला वाटतं, सोडण्याचा अर्थ तिथूनच चिकटला असावा. कारखान्यात काम करणाऱ्या एका पालकांना मालकाशी भांडण मिटवायचं होतं. ‘राजीनामा लिहून द्या, विषय संपवू’ असं ऐकून ते खुशीनं सही करायला निघाले होते.

तक्रार. उर्दूत तेच तेच पुन्हा बोलणं, हुज्जत. मराठीत शिकायत. आपल्या बायका ‘तक्रार नको’ म्हणतात तेव्हा कुठल्या भाषेत म्हणतात, देव जाणे.

सबब. उर्दूत कारण. सरकारी पत्रात मात्र ‘सबब, आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’, म्हणजे म्हणून. कारण सबबच्या आधीच्या वाक्यात असतं, आपण ते नंतर शोधत बसतो.

आणि जामीन. उर्दूत ज़ामिन म्हणजे हमी घेणारा माणूस. मराठीत आरोपीला मिळतो तोही जामीन, आणि दुसऱ्याच्या कर्जाला आपण ‘जामीन राहतो’ तोही. या दुसऱ्या जामिनावर सही करताना हात आखडता घ्यावा. कर्ज घेणाऱ्यानं फेडलं नाही, तर बँक आपल्या दारात येते.

काही शब्दांना तर ओळखीचा चेहराच नाही. वसीयतनामा म्हणजे मृत्युपत्र, हलफनामा म्हणजे प्रतिज्ञापत्र. ते निदान फसवत नाहीत.

आता त्या बहिणीकडे वळते. कागद तिनं स्वतः वाचला नव्हता. भावानं फोनवर ‘वाचून दाखवला’ होता. यावरून मला एक जुना निकाल आठवला. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1962. प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्या माणसाला स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यानं हिंदीत मागितली. अधिकाऱ्यांचं म्हणणं, तोंडी समजावून सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते पुरेसं मानलं नाही : त्याला समजणाऱ्या भाषेत आणि वाचता येणाऱ्या लिपीत लेखी हवं. तो माणूस सुटला. घरातल्या कागदांना तो निकाल लागू होत नाही, मला माहीत आहे. पण ऐकवलं म्हणजे कळवलं असं होत नाही, हे घरातही खरंच आहे.

आम्ही दोघींनी हिशेब मांडला. आधी मयताचं कर्ज आणि वसीयत. मग शरीयतप्रमाणे आई, एक मुलगा, एक मुलगी एवढेच वारस असतील तर 24 भाग करायचे : आईचे 3, मुलाचे 14, मुलीचे 7. ती सातावर बोट ठेवून बराच वेळ बसली. मग म्हणाली, “अम्माचे तीन पण आहेत? अम्माला तर कुणी विचारलंच नाही.”

हक्क सोडू नये असं मी तिला सांगितलं नाही. भावाला द्यायचं असेल तर खुशाल द्यावं, तिची मर्जी. पण ‘सोड’ हा शब्द वाचून द्यावं.

शुक्रवारी ती निबंधक कार्यालयात गेली नाही. अर्धं पान मराठीत लिहिलं, तिच्याच हातानं, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं : मी मयत सभासदाची मुलगी व कायदेशीर वारस आहे, सबब माझी हरकत नोंदवून घ्यावी. बाराव्या दिवशी सोसायटीच्या कार्यालयात दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच विसरू नका. तिच्याशिवाय पत्र दिलं याला पुरावा नाही. वकिलाची फी कुठून आणू, असं ती विचारत होती. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, किंवा 15100 वर फोन.

भाऊ महिनाभर बोलला नाही. नंतर म्हणाला, टायपिंगवाल्यानं सगळ्यांना देतो तोच नमुना दिला, मी पण नीट वाचलं नव्हतं. खरंही असेल. मामूंनी दोन बैठका घेतल्या आहेत, तिसरी ईदनंतर. अम्मा आता प्रत्येक बैठकीला हजर असतात.

बहीण मात्र शुक्रवारी दुपारी वही घेऊन येते. सोसायटीच्या फलकावर, पेपरच्या मागच्या पानावर जो शब्द अडेल तो उतरवून आणते. गेल्या खेपेला आणला होता ‘मानीव अभिहस्तांतरण’. मी म्हटलं, थांब, हा मलाच सेक्रेटरींना विचारावा लागेल.