पेटीतला राजा, बिनपायांचं पाखरू

शब्दांच्या या सदरात आज एक असं नाव, जे ग्रीक राजालाही होतं आणि पाखरालाही: किप्सेलस.

इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकात ग्रीसमधल्या कॉरिंथवर बॅकियाड घराण्याचं राज्य होतं. सोयरिकी आपसातच. त्या घरातली लाब्दा पायाने अधू. घरात कुणी करून घेईना, म्हणून तिला बाहेरच्या ईटिऑनला दिली. तिचा मुलगा घराण्याच्या मुळावर उठेल, अशी डेल्फीची देववाणी होती. मूल जन्मल्याचं कळताच दहा जण त्याला मारायला आले. बापाच्या स्नेहापोटी बघायला आलेत, असं समजून लाब्दाने बाळ त्यांच्या हाती दिलं. बाळ नेमकं हसलं. पहिल्याचा हात उठेना. त्याने दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि दहा हातांतून फिरून बाळ पुन्हा आईपाशी. दाराबाहेर त्यांचं भांडण जुंपलं, ते लाब्दाने ऐकलं आणि बाळ किप्सेलेत लपवलं. मारेकरी पुन्हा आत आले, तेव्हा त्यांना ते सापडलं नाही. ही हकीकत ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची.

किप्सेले म्हणजे पेटी. मधमाश्यांच्या पेटीलाही तोच शब्द. म्हणून मुलगा किप्सेलस. मोठेपणी त्याने बॅकियाडांना हाकललं आणि तीस वर्षं राज्य केलं. पुढे ऑलिंपियात, हेराच्या देवळात, देवदाराची, सोन्या-हस्तिदंताच्या आकृतींनी सजवलेली पेटी ‘तीच ही’ म्हणून दाखवत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्रवासवर्णनकार पॉसेनियसने ती पाहिली. मला काही हे पटत नाही. इतकी झगमगती पेटी मारेकऱ्यांनी आधी उघडली असती. मधमाश्यांची पेटी असेल, तर गोष्ट जमते.

आता पाखरू. ॲरिस्टॉटल सांगतो, भिंगरीसारखे दिसणारे काही ‘बिनपायी’ पक्षी आहेत, काही लोक त्यांना किप्सेलस म्हणतात. का, तर ते लांबट पोकळ घरटं बांधतात आणि त्याला आत शिरण्यापुरतंच भोक ठेवतात. म्हणजे इथेही पिल्लं पेटीतच. घरटं चिखलाचं म्हणताना मात्र त्याची गल्लत झाली असावी; चिखल भिंगरीचा, या पक्ष्याचा गिलावा लाळेचा. हा पक्षी म्हणजे आपली पाकोळी.

ॲरिस्टॉटलच्या त्या एकाच उताऱ्यातून शास्त्राने दोन्ही नावं उचलली. 1777 मध्ये स्कोपोलीने प्रजातीला ‘एपस’ म्हटलं, म्हणजे पाय नसलेला. 1811 मध्ये इलिगरने ‘किप्सेलस’ म्हटलं. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत किप्सेलस नांदलं. मग आधीचं नाव खरं, या नियमाने ते गेलं. नियम रास्त आहे, निवड नव्हे. पाकोळीला पाय आहेत. आखूड, फांदीवर बसायला निरुपयोगी, पण भिंतीला लटकायला पुरेसे. ॲरिस्टॉटललाही ते ठाऊक होतं: भिंगरीपासून ओळखायची खूण म्हणून तो याच पक्ष्याच्या नडगीवरची पिसं सांगतो! जे नाहीच, त्या व्यंगावरून नाव पडलं आणि ती जे घडवते, त्यावरचं नाव पुसलं गेलं. लंगड्या लाब्दाच्या मुलाला निदान पेटीचं नाव मिळालं.

आपल्याकडे जुन्या इमारतींच्या छताखाली, कमानींखाली पिसं आणि काड्या लाळेने चिकटवून घरट्यांचे पुंजके करणारी छोटी पाकोळी 1830 मध्ये शास्त्रात आली, ती ‘किप्सेलस ॲफिनिस’ म्हणून. आज ती ‘एपस ॲफिनिस’ आहे. बदल आता होणार नाही. माझं मत मात्र पेटीलाच.