दाराचा पहारेकरी आणि पेढीची जबाबदारी

सियागंजच्या पेठेत ठोक व्यापार करणाऱ्या बांधवांस कुलपाचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु अलीकडे घरांच्या व पेढ्यांच्या दारांवर एक लहानशी डबी दिसू लागली आहे. दार उघडताच ती मालकाच्या मोबाइलवर वर्दी देते. असे साधन घ्यावे की नाही, याची चर्चा पुष्कळ होते. ते कसे बसवावे व कोणत्या नियमाने चालवावे, याचा विचार मात्र फारसा झालेला आम्हांस दिसत नाही.

कल्पना नवी नव्हे. १८५३ साली अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी, दार उघडताच विजेचे मंडल पूर्ण होऊन घंटा वाजेल, अशा योजनेचे पेटंट घेतले. १९३६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी काचेच्या नळीत बंद केलेल्या पात्यांचा स्विच सिद्ध केला. आजच्या बहुतेक डब्यांत हेच तत्त्व असते. चौकटीवर डबी व फळीवर लोहचुंबक. दार मिटले की चुंबक पात्यांस एकत्र धरतो, उघडले की ती सुटतात. इतके साधे यंत्र फसते, ते बहुधा बसविणाऱ्याच्या हयगयीने.

घराच्या लाकडी दारासाठी केलेली डबी लोखंडी शटरवर चिकटवू नये. लोखंडाने चुंबकाचा प्रभाव घटतो आणि बिनतारी संदेशही दुबळा होतो. शटरसाठी अधिक अंतरावर चालणारा भक्कम प्रकार निराळा मिळतो, तोच घ्यावा. बॅटरी संपलेली डबी मुकाट्याने गप्प बसते आणि मालक समजतो की दार बंद आहे. यास्तव ठराविक वेळाने डबीची खूण यावी व न आल्यास इशारा व्हावा, ही सोय प्रथम तपासावी. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. आत येण्यास व बाहेर पडण्यास अर्ध्या मिनिटाची सवलत ठेवावी. एरवी रोजच्या खोट्या वर्दीस कंटाळून खऱ्या वर्दीकडेही दुर्लक्ष होईल.

कोणी म्हणेल की, विमा असता ही यातायात कशाला? त्यांनी आपली पॉलिसी वाचावी. घरफोडीच्या विम्यात बळजबरीने प्रवेश झाल्याची अट असल्यास, तशा बळजबरीवाचून झालेल्या चोरीची भरपाई मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला आहे. बनावट किल्लीने गोदाम उघडले गेले, तर डबी वेळ सांगेल; कुलूप तुटल्याचा पुरावा ती देणार नाही. तेव्हा तिचा खरा उपयोग वेळीच जागे होण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यंत्र आले की मुनीम व हमाल यांच्यावरील विश्वास जाईल, असे जुने लोक म्हणतात. ही भीती अगदीच निराधार नाही. दार उघडले एवढेच डबीस कळते. कोणी व कशासाठी उघडले, हे तिला कळत नाही. केवळ तिच्या नोंदीवरून वर्षानुवर्षे इमानाने राबणाऱ्या माणसावर आळ घेणे हा अन्याय होय. म्हणून डबी बसविण्यापूर्वी नोकरवर्गास सांगावे, जबाबदार मुनिमास त्याचा स्वतंत्र संकेतांक द्यावा आणि नोंद त्यासही पाहता यावी. लपवून ठेवलेली पाळत पेढीचे रक्षण करीत नाही. ती पेढीतील सलोखा मात्र घालविते.

शेवटी एक सूचना. रात्री दोन वाजता आलेली वर्दी दूरच्या वसाहतीत झोपलेल्या मालकास मिळून काय उपयोग? प्रत्येक गल्लीतील दोन विश्वासू शेजारी व चौकीदार यांचे क्रमांक वर्दीच्या यादीत असावेत, आणि त्यांनी एकट्याने आत न शिरता ११२ वर पोलिसांस कळवावे. अशी गल्लीवार यादी संघानेच तयार करावी व दरवर्षी तपासावी. या कामास खर्च जवळजवळ नाही. हवी आहे ती परस्परांची आस्था, आणि येत्या सभेत हा विषय घेतला जाईल अशी आमची अपेक्षा आहे.