तेरा भागांचे बिऱ्हाड

दिवाळी अंकात यशस्वी मंडळींविषयी लिहावे, असा आपल्याकडचा रिवाज. कुणाचा हजारावा प्रयोग, कुणाचा सुवर्णमहोत्सव! ती मंडळी वाचकांना या अंकात इतरत्र भेटतीलच. या सदराचा मान मात्र मी यंदा एका साफ पडलेल्या खेळाला देणार आहे. तोही आपल्या रंगभूमीवरचा नव्हे, अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवरचा. आणि त्यातही कार्टून! 'या वयात कार्टून?' हा प्रश्न आमच्या घरात विचारून झाला आहे. पण हे पोरांसाठी काढलेले नव्हे. पोरांना निजवून मग थोरांनी पाहावे, अशा जातीचे आहे.

खेळाचे नाव 'मिशन हिल'. २४ सप्टेंबर १९९९ रोजी 'डब्ल्यूबी' या वाहिनीवर त्याचा पडदा उघडला. कर्ते दोघे, बिल ओकली आणि जॉश वाइन्स्टाइन. ही जोडी नवशिकी नव्हती. 'द सिम्पसन्स' या जगप्रसिद्ध मालिकेच्या सातव्या नि आठव्या पर्वाची सूत्रे त्यांनीच सांभाळलेली. तरी दोन भाग झाले नि वाहिनीने खेळ उचलला. २००० सालच्या उन्हाळ्यात आणखी चार भाग कसेबसे दाखवले आणि मग पडदा पाडला तो पाडलाच. तयार झाले होते तेरा. त्यांतल्या सात भागांना त्या वाहिनीचे दर्शनही घडले नाही.

गोष्ट तशी साधी. कॉस्मोपोलिस नावाचे काल्पनिक महानगर, त्यातली मिशन हिल ही वस्ती आणि तिथल्या एका इमारतीतली ऐसपैस, गोदामवजा जागा. अँडी फ्रेंच हा चोवीस वर्षांचा गडी तिथे राहतो. व्हायचे आहे व्यंगचित्रकार; तूर्त नोकरी पाण्याने भरलेल्या गाद्या विकण्याच्या दुकानात. आईवडील वायोमिंगला बिऱ्हाड हलवतात नि धाकट्या केव्हिनला याच्या गळ्यात बांधतात. केव्हिन सतरा वर्षांचा, पुस्तकातला किडा, डोळा येल विद्यापीठावर. थोरल्याची रात्र जिथे रंगात येते, तिथे धाकट्याची झोपेची वेळ झालेली! जोडीला जिम. हा जाहिरातीच्या धंद्यात, संगणकातला वाकबगार, आणि घरात बरा पगार काय तो त्याचाच. शिवाय पोझी नावाची मुलगी. झाडे, मालिश नि मनःशांती यांत रमलेली. आणि समोर येईल ते गिळणारा स्टोगी नावाचा कुत्रा. एकाचे दुसऱ्याशी जमावे असे काही नाही. रंगही असे झगझगीत, की रात्रीच्या बाजारातल्या दिव्यांच्या पाट्याच जणू भिंतींवर उतरल्या आहेत.

अशा घराची खुमारी कळायला वेळ लागतो. मी स्वतः तीन वर्षे परळच्या एका खोलीत चौघांत काढली. पहिल्या आठवड्यात साबणाच्या वडीवरून बोलणी बंद झाली होती. पाचव्या महिन्यात त्याच साबणवाल्याला हिवताप भरला, तेव्हा उरलेले तिघे आळीपाळीने त्याच्या उशाशी जागलो. पहिल्याच आठवड्यात कुणी आम्हांला पाहून मत दिले असते, तर 'ही खोली रिकामी करा' हेच दिले असते. वाहिनीने 'मिशन हिल'चे नेमके हेच केले.

तिचीही बाजू आहे म्हणा. ती ओळखली जात होती तरुण मुलामुलींच्या प्रेमाच्या मालिकांसाठी. शिवाय १९९९ हे वर्ष असल्या कार्टूनांच्या गर्दीचे. 'फॅमिली गाय' नि 'फ्युचरामा' त्याच वर्षी आले. या खेळाचे आधी ठरलेले 'द डाउनटाउनर्स' हे नावसुद्धा बदलावे लागले, कारण 'एमटीव्ही' वाहिनी 'डाउनटाउन' नावाचा दुसरा खेळ आणत होती!

पण हा खेळ मनात राहिला तो तरुणांमुळे नव्हे. त्याच इमारतीत गस आणि वॉली हे दोन म्हातारे राहतात. गस दांडगा नि तोंडाळ, त्याचे खाणावळवजा हॉटेल. वॉली सौम्य, सिनेमाच्या थिएटरात यंत्रावर चित्रपट दाखवणारा. ते जोडपे आहे. कित्येक वर्षांचा संसार आहे. १९९९ साली दूरचित्रवाणीवर अशी माणसे आली, तर बहुधा टवाळीला नाही तर उपदेशाला येत. इथे ते दोघे भांडतात, रुसतात, जेवायला बसतात. बाकीच्या जगाने बसावे तसेच.

एका भागात उलगडते, की वॉली पन्नासच्या दशकात हॉलिवुडचा दिग्दर्शक होता. त्याने गसवरच्या प्रेमापोटी त्यालाच चित्रपटाचा नायक केले. गसला अभिनयाचा गंध नव्हता. चित्रपट धुळीला मिळाला, त्याबरोबर वॉलीची कारकीर्दही. उरला तो त्यांचा संसार. पडलेल्या खेळाने पडलेल्या चित्रपटाची ही गोष्ट सांगावी, यापरता योगायोग कोणता! धंद्याच्या वहीत ज्याची नोंद तोटा म्हणून होते, त्याच्या पोटी कधीकधी माणसाचे सगळे आयुष्य निघते, हे इतक्या हलक्या हाताने सांगितलेले मी क्वचितच पाहिले आहे.

पुढे २००२ पासून 'अ‍ॅडल्ट स्विम'ने हा खेळ रात्री उशिरा दाखवायला घेतला, २००५ साली तो तबकड्यांवर निघाला आणि त्याला हळूहळू आपली माणसे मिळत गेली. मला तो पुतण्याने दाखवला.

"काका, तेराच भाग आहेत. जेमतेम पाच तासांत संपतं सगळं," तो म्हणाला.

"मग पुढे काय होतं त्यांचं?"

"पुढचं कुणी काढलंच नाही!"

खरेच काढले नाही. केव्हिन येलला गेला की नाही, अँडीची व्यंगचित्रे लोकांनी उचलून धरली की नाही, हे आपण आपल्या मनाशीच ठरवायचे.

तेव्हा वाचकहो, फराळाची ताटे आटोपली, पाहुणे पांगले, की हे पाच तास जरूर काढा. मात्र एक विनंती. दोन भाग पाहून उठू नका. तेवढे तर त्या वाहिनीनेही पाहिले होते!