राजशय्येपाशी उभा असलेला वैद्य

इतिहासाचे ग्रंथ वाचताना आपल्या व्यवसायातील माणसाची नजर नकळत राजाच्या अखेरच्या आजारापाशी थबकते. लढाया, तह आणि वारशाचे तंटे इतिहासकारांकडे सोपवून आपण विचारू लागतो : ताप किती दिवस होता? लघवी होत होती काय? पाय काळा केव्हा पडला? आपल्याकडच्या बखरी याची उत्तरे क्वचितच देतात. युरोपातील काही राजघराण्यांबाबत मात्र वैद्यांची आणि दरबाऱ्यांची सविस्तर टिपणे उपलब्ध आहेत. ती वाचून माझे असे मत झाले आहे की, राजेराण्यांपैकी कित्येकांना रोगाइतकेच त्यांचे राजेपणही भोवले.

प्रथम या मताची मर्यादा सांगतो. आपल्या इंदूरहून निमाडात उतरले की नर्मदाकाठी रावेरखेडी लागते. तेथे २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव पेशवे तापाने गेले. वय अवघे एकोणचाळीस. त्यांचे नातू थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने गेले, वय सत्तावीस. क्षयाला आपल्या शास्त्रात नावच मुळी ‘राजयक्ष्मा’. तो प्रथम चंद्रराजाला जडला अशी कथा चरकसंहितेत आहे. त्याचा जंतू कॉख यांना १८८२ मध्ये दिसला आणि स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये हाती आले. थेऊरच्या वाड्यात जमलेल्या वैद्यांना त्यामुळे दोष देता येत नाही. शास्त्रच जेथे हतबल होते, ते मृत्यू या लेखाचा विषय नव्हेत. उपचार करणाऱ्यांचे भय, गर्दी आणि गुप्तता यांनी जेथे रोगाला हातभार लावला, त्या मृत्यूंविषयी मला लिहावयाचे आहे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला २ फेब्रुवारी १६८५ च्या सकाळी झटका आला. तत्काळ सोळा औंस रक्त काढण्यात आले, म्हणजे आजच्या रक्तपेढीतील एका पिशवीइतके. पाठोपाठ तुंबड्या लावून आणखी आठ औंस. पुढचे चार दिवस डझनाहून अधिक वैद्य त्या शय्येभोवती होते. वांतीची औषधे, रेचके, बस्ती, मुंडण करून डोक्यावर फोड आणणारे लेप, तळपायांना कबुतराच्या विष्ठेचा लेप आणि अखेरीस मनुष्याच्या कवटीपासून काढलेल्या अर्काचे थेंब! ६ फेब्रुवारीला राजाची सुटका झाली. मूळ विकार मूत्रपिंडाचा असावा, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात.

हे वाचून आपल्याला हसू येते. पण तो सारा खटाटोप त्या काळच्या मान्य शास्त्राला धरूनच होता. चूक निराळीच होती. डझनभर वैद्यांपैकी ‘आता थांबू या’ असे म्हणण्याची कोणाचीच प्राज्ञा नव्हती. राजा दगावला तर ‘आम्ही काहीच करावयाचे ठेवले नाही’ असे सांगता येणे आवश्यक होते. प्रत्येक नव्या वैद्याबरोबर एक नवे औषध वाढले आणि थांबण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही.

याच्या उलट घटना फ्रान्सच्या राजवाड्यात १७१२ मध्ये घडली. गोवराच्या साथीत चौदाव्या लुईची नातसून १२ फेब्रुवारीला आणि नातू १८ फेब्रुवारीला गेला. त्यांची दोन्ही मुले आजारी पडली. पाच वर्षांच्या थोरल्याचे वैद्यांनी रक्त काढले. ८ मार्चला तो गेला. धाकटा दोन वर्षांचा होता. त्याची सांभाळकर्ती मादाम द व्हांतादूर हिने त्याला वैद्यांच्या हाती देण्याचेच नाकारले, ऊब आणि आहार देऊन जपले. ते मूल वाचले आणि पुढे पंधरावा लुई म्हणून एकोणसाठ वर्षे गादीवर राहिले. त्या वाड्यात ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य एका दाईला झाले, ही गोष्ट आपण वैद्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. हाच राजा १७७४ मध्ये देवीने गेला, आणि त्यानंतर महिनाभराने सोळाव्या लुईने व त्याच्या भावांनी देवी टोचून घेतल्या. म्हणजे वैद्यकाला नाकारण्यात शहाणपण असते असा याचा अर्थ नाही. कोणता उपचार नाकारावा आणि कोणता वेळेवर घ्यावा, हा विवेक महत्त्वाचा.

गुप्ततेने घेतलेला बळी पाहावयाचा तर दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हिचा. १७२४ च्या अखेरच्या बाळंतपणानंतर तिला बेंबीचा हर्निया झाला. राणीच्या देहाची वाच्यता नको म्हणून तिने तो तेरा वर्षे लपविला. नोव्हेंबर १७३७ मध्ये पोटात असह्य कळा सुरू झाल्या, तेव्हाही ती गप्प राहिली आणि वैद्य पोटशुळावरची औषधे देत राहिले. राजाने अखेर गुपित फोडले तेव्हा आतडे अडकून बरेच दिवस लोटले होते. ज्या रुग्णाच्या पोटावर हात ठेवून तपासण्याची सोय नाही, त्याच्या पोटदुखीवर औषध देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. आपल्या घरांतील कित्येक वडीलधाऱ्या स्त्रिया आजही हीच लाज बाळगून दुखणी अंगावर काढतात, त्यासाठी राणी असावे लागत नाही.

जर्मन सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्या आजारात राजकारणही शिरले. जानेवारी १८८७ मध्ये त्याचा आवाज बसला. मे महिन्यात बर्गमन प्रभृती जर्मन डॉक्टरांनी स्वरयंत्राच्या कर्करोगाचा संशय घेऊन शस्त्रक्रिया सुचविली. लंडनहून पाचारण केलेल्या मॅकेन्झी यांनी तुकडा काढून तपासावयास दिला. खुद्द व्हिर्चो यांना त्यात कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. नोव्हेंबरात निदान पक्के झाले तेव्हा वेळ निघून गेली होती. मार्च १८८८ मध्ये तो गादीवर आला, तेव्हा त्याच्या श्वासनलिकेत नळी होती. नव्व्याण्णव दिवसांचे राज्य करून १५ जूनला तो गेला. दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी मग एकमेकांविरुद्ध पुस्तिका छापल्या. तपासलेल्या तुकड्यात रोग नाही म्हणजे रुग्णाला रोग नाही, असे होत नाही, हा धडा आपण पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला शिकवितो. तेथे मात्र प्रत्येकाला आपल्या देशाची बाजू राखावयाची होती.

या पार्श्वभूमीवर सातव्या एडवर्डची हकीकत समाधान देते. २६ जून १९०२ ला राज्याभिषेक ठरलेला, देशोदेशीचे पाहुणे आलेले आणि राजाच्या अपेंडिक्सपाशी पू धरलेला. राजा समारंभाला जाण्याचा हट्ट सोडीना. सर फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी, गेलात तर तेथे आपले प्रेत पोहोचेल, अशा आशयाचे उत्तर दिले असे सांगतात. २४ जूनला राजवाड्यातच गळू उघडून पू काढला गेला. ९ ऑगस्टला राज्याभिषेक झाला आणि राजा आणखी आठ वर्षे जगला.

ट्रीव्हज यांचे हे धैर्य मला एकदा दाखविता आले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात गावातील एका बड्या गृहस्थांनी मला घरी बोलाविले. छातीत जळजळ होती, कपाळावर घाम होता. ‘आजच इस्पितळात चला’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. परंतु दिवाणखान्यात पाहुणे होते, घरात दुसऱ्या दिवशी कार्य होते आणि ‘डॉक्टर, उद्या संध्याकाळी येतो’ असे ते हसत म्हणाले. मी मान डोलावली आणि गोळ्या लिहून दिल्या. पहाटे त्यांचा मृत्यू झाला. जनरल वॉर्डातील हमालाला मी तसे जाऊ दिले नसते.

अशा प्रकाराला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ वॉल्टर वाइनट्रॉब यांनी १९६४ मध्ये ‘व्हीआयपी सिंड्रोम’ असे नाव दिले. राजे गेले, संस्थाने विलीन झाली, तरी तो विकार उरला आहे. मंत्री, उद्योगपती, एखादा वरिष्ठ सहव्यवसायी किंवा आपलेच नातलग; यांच्यासाठी आपण रांग मोडतो, नको त्या तपासण्या करतो, हव्या त्या संकोचाने टाळतो आणि फोनवर पाच तज्ज्ञांची मते घेऊन सहावेच काही करतो.

यावर माझे म्हणणे साधे आहे. रुग्ण कितीही मोठा असो, उपचाराचा धनी एकच डॉक्टर असावा. इतरांनी सल्ला द्यावा आणि तो लेखी असावा. तपासणीचा क्रम सर्वांना जो, तोच त्यालाही असावा. अशाने मोठ्या माणसाचा अवमान होतो, असा आक्षेप कोणी घेईल. पण खाजगीपणा जपणे आणि निदान दडपणे यांत अंतर आहे. पहिला रुग्णाचा हक्क, दुसरे त्याचेच नुकसान. आणि स्मरणिका वाचणाऱ्या आपल्या समाजातील प्रतिष्ठित मंडळींनाही एक विनंती आहे. आपला डॉक्टर आपल्याला न रुचणारे काही सांगू लागला, तर त्याला मध्येच थांबवू नका. त्या रात्री मला कोणी थांबविलेही नव्हते, मीच थांबलो. तरीही ‘डॉक्टर, स्पष्ट सांगा’ एवढे त्या दिवाणखान्यात कोणी म्हणाले असते, तर कदाचित मी बोललो असतो.