प्रवाळाच्या घरचा दिवा

दिवाळी अंकात दिव्यांविषयी लिहायला निमित्त शोधावे लागत नाही. पणत्या, आकाशकंदील आणि विजेच्या माळा यांवर लिहिणारे या अंकात इतर असतीलच. मी आज अशा एका दिव्याविषयी लिहिणार आहे, जो माणसाला दिसावे म्हणून लावायचाच नसतो; कोणाचे तरी पोट भरावे म्हणून लावायचा असतो.

कारण झाले ते एका वाचकांच्या पत्राचे. हे गृहस्थ ठाण्याचे. गोड्या पाण्यातले मासे त्यांनी दहा-बारा वर्षे हौसेने पाळले, आणि आता घरात समुद्र आणावा असे त्यांच्या मनाने घेतले आहे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल अशी काचेची टाकी त्यांनी सांगून ठेवली आहे. तीत खारे पाणी, खडक, दोन-चार मासे आणि मुख्य म्हणजे जिवंत प्रवाळ. गाडे अडले आहे ते दिव्यापाशी. एका दुकानदाराने सांगितले, घरात आहे तीच ट्यूब चालेल. दुसऱ्याने जो दिवा दाखवला त्याची किंमत टाकी, पंप आणि मासे यांच्या बेरजेहून अधिक. तिसरा म्हणाला, "निळा घ्या साहेब, सगळे निळाच नेतात." आता मी कोणाचे ऐकू, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते आधी प्रवाळाचे ऐकावे, दुकानदारांचे मागाहून.

आपल्याला पोवळे ठाऊक असते ते अंगठीतले. तो एका जातीच्या प्रवाळाचा सांगाडा. जिवंत प्रवाळ दिसतो झाडासारखा, हाताला पुष्कळदा लागतो दगडासारखा, आणि असतो मात्र प्राणी. उथळ, उबदार समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी शैवाले राहतात, आणि तीही लाखांनी मोजावी इतकी. हे भाडेकरू मोठे सज्जन. भाडे रोख देत नाहीत, स्वयंपाक करून देतात. पडणाऱ्या प्रकाशावर ती शैवाले साखर तयार करतात आणि तिच्यातला मोठा वाटा घरमालकाला मिळतो. प्रवाळ रात्री शुंडके पसरून बारीकसारीक जीव पकडतो खरा, पण त्याच्या ऊर्जेची बहुतेक गरज भागते ती या भाडेकरूंच्या स्वयंपाकावर. प्रकाश कमी पडला की स्वयंपाकघर थंड. मासे अंधुक उजेडात वर्षानुवर्षे जगतील. प्रवाळ तिथे हळूहळू उपाशी मरेल, आणि मरताना आवाजही करणार नाही. म्हणून या टाकीवरच्या दिव्याला मी चूल समजतो. चूल केवढी घ्यायची हे जेवणारे किती आणि कसे यावर ठरते. दुकानात कोणती चूल झगमगते यावर नव्हे.

आता निळ्याची गोष्ट. समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते. निळा मात्र खोलवर पोचतो, आणि प्रवाळातल्या शैवालांना तोच सर्वांत अधिक मानवतो. तेव्हा तिसरा दुकानदार अगदीच चुकीचे सांगत नव्हता. पण निव्वळ निळा दिवा लावला तर आपल्या दिवाणखान्याला नाटकातल्या रात्रीच्या प्रवेशाची कळा येते. आमच्या घरी तर "आता दरोडेखोर कोणत्या बाजूने येणार?" असे विचारले गेले होते. निळा अधिक आणि त्याला पांढऱ्याची जोड, हे प्रमाण प्रवाळालाही चालते आणि घरातल्या माणसांनाही.

दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात. तिन्ही खरे असतात आणि तिन्ही अपुरे. वॉट सांगतात की विजेचे बिल किती येणार. लुमेन सांगतात की माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटणार. आपला डोळा हिरवट पिवळ्या रंगाला सर्वांत तरतरीत असतो, निळ्याला मंद. म्हणून प्रवाळाच्या कामाचा निळा प्रकाश लुमेनच्या हिशेबात फार थोडा भरतो. उजेड मोजण्याची मोबाइलमधली साधने हीच चूक करतात. तिसरा आकडा केल्व्हिनचा. तो नुसता रंगाची छटा सांगतो. दुपारचे ऊन साडेपाच ते साडेसहा हजारांच्या घरात, तर प्रवाळाच्या टाकीवरचे दिवे १०,००० ते २०,००० पर्यंत, म्हणजे निळसर.

विचारायला हवा तो चौथा आकडा, पीएआर नावाचा. वनस्पतींच्या आणि शैवालांच्या उपयोगी पडणारे किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, याचे ते माप. भर दुपारच्या निरभ्र उन्हात हा आकडा सुमारे २,००० असतो. टाकीत इतका कोणालाच नको. मऊ अंगाच्या प्रवाळांना साधारण ५० ते १५० पुरतो. मांसल मोठ्या तोंडाच्या दगडी प्रवाळांना १०० ते २००, आणि फांद्याफांद्यांच्या नाजूक दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतो. चांगला विक्रेता आपल्या दिव्याचा पीएआर किती उंचीवरून, किती खोलीला किती मिळतो याचा तक्ता दाखवतो. ज्याच्याकडे तक्ता नाही, त्याच्याकडे नुसती स्तुती असते.

या तक्त्यासमोर बसण्याआधी एक कायदा ठाऊक हवा. केंद्र सरकारने २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरी पंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघ ज्या यादीत आहे, तीच ही यादी. आपल्या मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य झाला, त्याही पाण्यात प्रवाळ आहेत. तिथून, रामेश्वराकडून किंवा अंदमानातून उचललेला तुकडा कोणी "खास तुमच्यासाठी" म्हणून पिशवीत घालून देऊ लागला, तर तो वाघाचे कातडे देतो आहे असे समजून दुकानाबाहेर पडावे. दुबईला, सिंगापूरला किंवा अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना शेतीत वाढवलेले दगडी प्रवाळ तिथे रीतसर मिळतात. पण सरहद्द ओलांडताना त्यांनाही आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे परवाना लागतो. मामाकडे सुट्टीला येताना भेट म्हणून आणण्याची ती वस्तू नव्हे.

इथल्या वाचकाने पहिल्या टाकीसाठी मऊ प्रवाळांचाच विचार करावा, आणि तेही पावती व आयातीचे कागद दाखवणाऱ्याकडून. छत्रीच्या आकाराचे चामडी प्रवाळ, बशीसारखे पसरणारे मशरूम, कोटाच्या बटणांसारखे झोआंथिड, असे हे लोक. दिसायला देखणे, स्वभावाने सोशिक आणि जेवायला बेताचे. यांना ५० ते १५० पुरतो, म्हणजे सर्वांत महागडा दिवा घेण्याचे कारणच उरत नाही. कायदा पाळणे आणि पैसे वाचणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळा. तो दवडू नये.

दिव्यांचे प्रकार तीन. पूर्वी मेटल हॅलाइडचा मान मोठा होता. त्याच्या प्रकाशाने पाण्यात उन्हाच्या लहरी नाचतात, ते पाहून डोळे निवतात. पण तो तापतो फार. मग टी-फाइव्ह ट्यूबा आल्या. त्यांचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो, मात्र वर्षाच्या आत-बाहेर त्या बदलाव्या लागतात. दिसायला पेटलेल्या असल्या तरी त्यांचा कस गेलेला असतो. तिसरा प्रकार एलईडी. प्रखर निळा एलईडी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात साधला, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या एलईडीच्या पोटातही बहुधा हाच निळा असतो.

हिशेब करून पाहा. २५० वॉटचा हॅलाइड रोज नऊ तास जाळला तर महिन्याला ६७ युनिटे होतात. ६० वॉटचा एलईडी तेवढेच तास लावला तर १६. पण माझ्या लेखी बिलाहून उष्णता महत्त्वाची. प्रवाळाला २४ ते २७ अंशांचे पाणी सुखाचे, आणि मुंबईत मे महिन्यात टाकी आपण होऊनच तिशीला टेकते. पाणी सोसण्यापलीकडे तापले की प्रवाळ त्या भाडेकरूंना घराबाहेर काढतो आणि स्वतः पांढराफटक पडतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की प्रवाळ असे पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट चालू आहे; त्याच वर्षी आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. समुद्रात जे चालले आहे ते दिव्याच्या उष्णतेने घरात घडवायला नको. म्हणून आपल्या हवेत एलईडी बरा. दोन फुटी टाकीला एकच दिवा पुरतो. तो पाण्यापासून दहा-बारा इंच वर टांगावा, म्हणजे मधोमध झोत आणि कोपऱ्यांत काळोख असे होत नाही.

दिवा निवडताना दुकानातल्या प्रवाळांकडे जरा सावधपणे पाहावे. शालू घेताना आपल्या घरच्या बायका तो दुकानाच्या दारात उन्हात नेऊन पाहतात, ते शहाणपण इथेही उपयोगी आहे. पुष्कळ प्रवाळ निळ्या प्रकाशात हिरवे, नारिंगी असे स्वतःच चमकतात. न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ इथे रेने काताला यांनी १९५६ साली मत्स्यालय उघडले, आणि अतिनील प्रकाशात चमकणारे प्रवाळ तिथे लोकांना दाखवले. पाहणारे थक्क झाले. दुकानदार हीच जादू रोज करतो. त्याला विनंती करावी, "जरा पांढरा लावा." त्या उजेडातही जो टवटवीत दिसेल तो प्रवाळ निरोगी. चमकणे आणि जेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवा घरी आल्यावर तो पूर्ण जोराने लावायचा नाही. तिसऱ्या हिश्शाने सुरुवात करावी आणि चार-सहा आठवड्यांत हळूहळू वाढवावे. अंधारातून आलेल्या प्रवाळाला एकदम भर उजेडात ठेवले, तर तो भाजतो. वेळ आठ ते दहा तास, आणि ती घड्याळाच्या स्विचवर सोपवावी. पाहुणे आले म्हणून रात्री अकराला दिवा लावणे म्हणजे झोपलेल्याला उठवून जेवायला बसवणे होय. पुढचे सर्व प्रवाळच सांगतो. फिका पडू लागला, अंग चोरू लागला, तर उजेड फार होतो आहे. तपकिरी पडला, मान लांबवून वर येऊ लागला, तर कमी पडतो आहे. मात्र एका दिवसात निकाल देऊ नये; बदल करावा आणि दोन आठवडे पाहावे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. खारे पाणी आणि वीज यांचे वैर आहे. दिव्याची आणि पंपाची वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारा थेंब तिथूनच जमिनीवर पडतो, प्लगमध्ये शिरत नाही. वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच वायरमनकडून बसवून घ्यावा, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटणे बंद करावीत. दिवाळीच्या माळा टाकीभोवती गुंडाळण्याची हौस मुलांना असते. ती खिडकीकडे वळवावी.

शेवटची सूचना ऐकून दुकानदार माझ्यावर रागावतील: दिवा सर्वांत शेवटी घ्या. टाकीत पाणी आणि खडक पडल्यावर पहिले चार-सहा आठवडे घाण पचवणारे जीवाणू आपले बस्तान बसवत असतात. त्यांना उजेड लागत नाही. उलट त्या काळात दिवा लावला तर काचांवर नकोसे शेवाळ तेवढे माजते. तोवर वही घेऊन पाहुण्यांची यादी करावी, त्यांच्यापुढे पीएआरचा आकडा लिहावा, आणि मग बाजारात जावे. टाकी आज भरली तर प्रवाळ संक्रांतीच्या सुमारास येईल, आणि तिळगूळ वाटताना त्याच्यासाठी चूल पेटवता येईल. यंदाच्या दिवाळीत सगळे घर उजळू द्या. एक टाकी तेवढी अंधारात राहू द्या.